आईच्या वहीतला हिशेब

दिवाळीनंतरच्या रविवारी मामांना दवाखान्यातून घरी आणलं. गुरुवारी रात्री छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, रिक्षातनं नेलं, शुक्रवारी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला आणि रविवारी डिस्चार्जच्या वेळी जो कागद हातात दिला त्यावर रुग्णानं भरायची रक्कम शून्य होती. मामी तो कागद रिक्षात बसल्यावर पण उलटसुलट करून बघत होती. सोलापुरातला अशोक चौक येईस्तोवर तिनं मला दोनदा विचारलं, "नंतर घरी येऊन मागणार नाहीत ना गं?"

अगदी सुरळीत झालं असं नाही. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी यायची होती तोवर वीस हजार डिपॉझिट ठेवा म्हणून काउंटरवर सांगितलं, ते दादानं भरले, आणि ते परत मिळेपर्यंत मी दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाजवळ किती चकरा मारल्या ते मलाच माहीत. पण मिळाले. मामांचं केशरी कार्ड, आयुष्मानचं कार्ड आधीच काढून ठेवलेलं, त्यामुळं बाकी कागदांचा त्रास झाला नाही.

संध्याकाळी सगळे मामांकडं जमलो होतो आणि चहा व्हायच्या आत दादा बोलला, "बरं झालं मामा, पैसे लागले नाहीत. पण हे फुकट नाहीय वो. आमच्यासारखे टॅक्स भरतेत म्हणून हे होतंय. आमचं कोण भरणार?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. डिपॉझिट त्यानंच भरलं होतं, दोन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर तोच झोपला होता. पण मामांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी कुणाला मागितलं नव्हतं रे बाबा." मग कुणीच काही बोललं नाही. वहिनी आत गेली.

मला हे लिहायचंय ते त्या दोन वाक्यांमुळं.

आधी दादाची बाजू, कारण ती मला नीट माहीत आहे. मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, दादाचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न मीच भरते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये त्याचे आठ माग आहेत, टॉवेल काढतो. तो इन्कम टॅक्स भरतो, त्यावर ४ टक्के उपकर भरतो ज्याचं नावच आरोग्य आणि शिक्षण उपकर आहे, शिवाय घरच्यांसाठी मेडिक्लेमचा हप्ता भरतो. त्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे आजारपणाची भीती वाटते म्हणून पैसे बाजूला ठेवणाऱ्याकडून सरकार त्या भीतीवर पण कर घेत होतं. आता तो शून्य झालाय, चांगलं झालं. आणि एवढं सगळं भरून मागच्या पावसाळ्यात पोराला डेंग्यू झाला तेव्हा पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा होती म्हणून कंपनीनं सगळ्याच बिलाला त्या प्रमाणात कात्री लावली आणि जवळजवळ तिसरा हिस्सा खिशातनं गेला. एवढ्या ठिकाणी भरून परत काउंटरवर भरावं लागलं तर माणूस चिडणारच.

पण त्याच रिटर्नमध्ये मला अजून एक ओळ दिसते, कलम ८० डी. जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तर मेडिक्लेमच्या हप्त्याची वजावट मिळते, स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजारांपर्यंत आणि आईवडील साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्यासाठी ५० हजारांपर्यंत. ही सवलत म्हणजे सरकारनं सोडून दिलेला करच आहे की, म्हणजे दादाच्या मेडिक्लेममध्ये पण सगळ्यांचा पैसा आहे, फक्त तो वजाबाकीत असल्यामुळं दिसत नाही. मामांचा बेरजेत आहे म्हणून डोळ्यात येतो. आणि मामा काहीच भरत नाहीत हेही खरं नाही. मामा रात्रपाळीचे वॉचमन, इन्कम टॅक्स भरायचा त्यांचा प्रश्नच नाही, पण चप्पल घेतली, मोबाईलचं रिचार्ज मारलं, साबण घेतला की त्यात जीएसटी आहे, आणि तो मामांना आणि एखाद्या साखर कारखान्याच्या चेअरमनला एकाच दरानं लागतो. मी हे आकडे रोज बघते म्हणून म्हणते, आपल्याकडं कर न भरणारा माणूस शोधून सापडणार नाही.

आता बाबांचं सांगते.

फेब्रुवारी २०१०. बाबा दुसऱ्याच्या मागावर कामाला होते, आई घरी बीड्या वळायची. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कातरीनं कापायची, दिवसाला हजार बीड्या झाल्या तर झाल्या, नाहीतर रात्री कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली उरलेल्या पूर्ण करायची. बाबांना हार्ट अॅटॅक आला. आधी सिव्हिलला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं, त्या माणसांबद्दल आमच्या घरात आजही कुणी वाकडं बोलत नाही. पण बायपास लागेल म्हणाले आणि ते खाजगीत करायचं ठरलं. १ लाख ७८ हजार रुपये. ज्या घरात शनिवारी पगार येतो आणि पुढच्या शुक्रवारी संपतो त्या घरात हा आकडा ऐकल्यावर काय होतं ते मी तेव्हा नववीत असून मला कळलं, कारण आई रडली नाही. तिनं माझ्या दप्तरातली एक कोरी दोनशेपानी वही मागून घेतली.

ती वही अजून आहे. पहिल्याच पानावर आईच्या अक्षरात:

बोरमाळ आणि पाटल्या मोडून ५८,०००
भिशी २०,०००
मालकाकडून उचल ४०,०००
पतसंस्था ३०,०००
दादा १५,०००
शेजारच्या अक्का ५,०००
इतर १०,०००

यातला दादा म्हणजे आईचा दादा, म्हणजे मामा. भिशीचा नंबर आईचा नव्हता, दुसऱ्या एका बाईनं तिच्या लेकीच्या बाळंतपणासाठी धरलेला नंबर आईला दिला होता. हे 'इतर' काय ते आईला आता आठवत नाही.

उचल म्हणजे काय हे मागावरच्या घरांना सांगायला नको. मालक पैसे देतो आणि मग दर शनिवारी पगारातनं कापतो, आणि ती फिटेपर्यंत तुम्ही दुसरीकडं जाऊ शकत नाही. बाबांना तर डॉक्टरांनी मागावर उभं राहू नका म्हणून सांगितलेलं. मग ती उचल फेडणार कोण? दादा बारावीत होता. परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर आलेली. तो परीक्षेला बसला नाही, बाबांच्या जागी मागावर उभा राहिला, आणि ती उचल २०१३ च्या दिवाळीला फिटली, तशी तारीख आईनं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात. मी मात्र शिकले. बी.कॉम. झाले.

आता ही पुढची गोष्ट मला नोकरीला लागल्यावर कळली आणि त्या दिवशी मी ऑफिसात काम करू शकले नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रात सुरू झाली २ जुलै २०१२ ला, आणि पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते. त्या आठांत सोलापूर होतं. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, आणि त्यात बायपास होतं. आमचं कार्ड केशरीच होतं. बाबांचं हृदय सव्वादोन-अडीच वर्षं आधी बिघडलं एवढाच फरक. पुढं याच योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली पाच लाखांची, आणि दोन्ही एकत्र चालायला लागल्या.

म्हणून "पैसे कोण भरणार" ही चर्चा टीव्हीवर चालते तेव्हा मला त्यातलं एक गृहीतक खटकतं, की जणू आत्ता कुणीच भरत नाहीय आणि सरकारनं योजना आणली की नव्यानं खर्च सुरू होणार. अहो, खर्च तर चालूच आहे की. सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणं २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के लोकांनी थेट स्वतःच्या खिशातनं केला होता, तो २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला, मान्य. तरी १०० रुपयांतले ३९ अजून खिशातनंच जातात आणि खिसा म्हणजे काय, कुठं बोरमाळ, कुठं उचल, कुठं पोराची बारावी.

पैसे गोळा करायच्या तऱ्हा जगात बऱ्याच आहेत. जर्मनीत १८८३ मध्येच कामगारांच्या आजारपणाचा विमा कायद्यानं आला, दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. इंग्लंडनं ५ जुलै १९४८ ला सरळ करातनं सगळ्यांचे उपचार सुरू केले. थायलंड तर तेव्हा काही श्रीमंत देश नव्हता, तरी २००१ मध्ये ३० बाटात उपचार अशी योजना काढली आणि बाकीचं करातनं भरलं. आपल्या शेजारी कर्नाटकात २००३ ला यशस्विनी आली, सहकारी संस्थांचे सभासद असलेल्या शेतकऱ्यांना महिन्याला ५ रुपयांत ऑपरेशनचं संरक्षण. राजस्थाननं २०२१ मध्ये फुकट गटात न बसणाऱ्या कुटुंबांना वर्षाला ८५० रुपये भरून सामील व्हायची सोय दिली.

जर्मनीची पद्धत आपल्याकडं पण आहे, कामगार राज्य विमा, ईएसआय. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. गिरण्या होत्या तेव्हा सोलापुरात या पद्धतीला अर्थ होता, भोंगा वाजायचा, हजेरीपटावर नाव असायचं. पण ईएसआयला साधारण दहा कामगार लागतात आणि पगार २१ हजारांच्या आत लागतो. दादाकडं सहा माणसं. मामांसारख्यांचा मालक कोण हेच धड सांगता येत नाही, एजन्सी बदलली की मालक बदलला. ज्या गावात निम्मं काम घरातनं, पिसावर, नगावर चालतं तिथं पगारातनं कापायचं म्हणजे कुणाच्या पगारातनं?

आणि वेगळा डबा करून त्यात पैसे साठवायचे, हे तर आम्ही आमच्या घरात बघितलंय. १९७६ च्या कायद्यानं बीडीवर उपकर होता, हजार बीड्यांमागं काही रुपये, त्यातनं बीडी कामगार कल्याण निधी चालायचा. दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत. मला आठवीला त्यातनं शिष्यवृत्ती मिळालेली. आईचं बीडी कामगाराचं ओळखपत्र म्हणजे घरातला सगळ्यात जपून ठेवलेला कागद. मग २०१७ ला जीएसटी आला, बाकीच्या उपकरांबरोबर हाही रद्द झाला आणि तो डबाच गेला. पुढं काय मिळेल ते बजेटमधनं किती तरतूद होते त्यावर. सोलापुरातल्या हजारो बायकांच्या दवाखान्याचा आधार असा एका कायद्याच्या परिशिष्टात निघून गेला आणि त्यावर कुठं मोठी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. म्हणून गरिबांसाठी गरिबांचाच वेगळा डबा, ही कल्पना मला पटत नाही. तो डबा कायम हलकाच राहणार आणि उचलून बाजूला ठेवायला सगळ्यात सोपा.

मला करच बरोबर वाटतो. ज्याची ऐपत जास्त त्यानं जास्त, आणि आजारी पडल्यावर त्याला विचारायचं नाही की तू किती भरले होतेस. हे मी एकटी म्हणत नाहीय. देशाच्या आरोग्यसेवेसाठी इंग्रजांच्या काळात नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्येच लिहून ठेवलंय की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. २०११ मध्ये नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटानं, डॉ. श्रीनाथ रेड्डींच्या अध्यक्षतेखाली, हेच सांगितलं की मुख्य पैसा सर्वसाधारण करातनं यावा आणि विमा कंपन्यांना मधे घेऊ नये. आपण विम्याचा रस्ता धरला. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्च करू असं लिहिलंय, २०२१-२२ ला तो १.८४ होता.

विम्यात होतं काय, तर अॅडमिट झालात तर पैसे. पण मामांचं खरं बिल आता सुरू झालंय. रक्त पातळ राहायची गोळी, कोलेस्टेरॉलची, बीपीची, दोन शुगरच्या, हे दर महिन्याला आणि बहुतेक जन्मभर. योजनेत डिस्चार्जनंतर थोडे दिवस औषधं मिळतात, मग नाही. मामांनी गोळ्या एक दिवसाआड घेतल्या तर स्टेंट बंद पडू शकतो, मग परत अॅडमिट, परत योजनेतनं मोठी रक्कम. महिन्याच्या गोळ्यांना पैसे नाहीत आणि दुसऱ्या अँजिओप्लास्टीला आहेत, हा हिशेब कुठल्या अकाउंटंटनं मांडला असता तर आमच्या साहेबांनी त्याला उभा केला असता.

डॉक्टरांचं पण ऐकते मी, आमच्याकडं दोन-तीन नर्सिंग होमची कामं आहेत. योजनेत एकेका उपचाराला ठरवून दिलेले पॅकेजचे दर परवडत नाहीत, क्लेमचे पैसे महिनोन्महिने अडकतात, नर्सचा पगार तर एक तारखेला द्यावाच लागतो. मग योजनेचा पेशंट आला की बेड नाही म्हणायची पाळी येते. कार्ड सगळ्यांना दिलं म्हणजे उपचार पोचले असं नाही, हे तर सोलापूरकराला समजवायला नको, नळ घरोघरी आहे पण पाणी चार-पाच दिवसाआड. हमी द्यायची तर तिचे पैसे पूर्ण आणि वेळेवर द्यायला पाहिजेत, नाहीतर भार परत पेशंटवरच येतो, कधी डिपॉझिट म्हणून, कधी बाहेरनं आणायच्या इंजेक्शनची चिठ्ठी म्हणून.

"आमचं कोण भरणार" याचं उत्तर तसं कागदावर आलेलं आहे. नीती आयोगानं २०२१ मध्ये मोजलं होतं की देशातले कमीत कमी ३० टक्के, जवळजवळ ४० कोटी लोक, सरकारी योजनेत पण नाहीत आणि खाजगी विमा पण नाही असे मधे लोंबकळतायत. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलं की पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना फुले योजनेत घ्यायचं, पाच लाखांपर्यंत. म्हणजे दादा पण आला. मी त्याला हे त्याच रविवारी सांगितलं, तर म्हणाला, "मला नाही झोपायचं त्या वॉर्डात." मला राग आला नाही, भीती वाटली. कारण सिव्हिलचा वॉर्ड असो की योजनेचा, तिथं गरजू आणि नाइलाज असलेलीच माणसं राहिली तर तिथला बंद पंखा कोण दुरुस्त करून घेणार? तक्रार करायची ताकद असलेला माणूस रांगेत पाहिजे. माझ्यासाठी सगळ्यांची योजना याचा अर्थ फक्त सगळ्यांना फायदा असा नाही, सगळे एकाच रांगेत असा आहे. दादा त्या रांगेत असला तर मंजुरीला अडकलेलं वीस हजारांचं डिपॉझिट दुसऱ्या दिवशी बंद होईल, मी ओळखते त्याला.

मागच्या शनिवारी मी वही घेऊन त्याच्या शेडवर गेले. लाइट गेलेली, आठही माग बंद, कामगार बाहेर डबे खात बसलेले. इतक्या शांततेत ती शेड मी पहिल्यांदाच बघितली. काही न बोलता पहिलं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बोट ठेवत ठेवत वाचलं. "दादा १५,०००" वर थांबला.

"मामांचे परत दिले का आपण?"

"मामांनी कधी मागितलेच नाहीत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बोट खाली सरकलं, 'इतर' वर आलं, आणि मी विचारलं, हे कुणाकडनं आणले होते आईनं, तिला आठवत नाही.

"आईनं नाही आणले," तो म्हणाला. "आठ हजार बारावीच्या क्लासची फी होती, सरांना सांगून परत मागून आणली. दोन हजार सायकलचे. तिला सांगितलं मित्राकडनं घेतलेत म्हणून."

तेवढ्यात लाइट आली आणि बाहेरची माणसं डबे झाकून आत यायला लागली.